वहीतलं लाल टिंब

निगडी, ३ जून २०२४, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, कढीपत्त्याची कुंडी आणि आईनं बळेच दिलेली लोणच्याची बरणी, एवढा संसार घेऊन मी मिरजेहून निगडीला आले. प्राधिकरणात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. समोर बदामाचं झाड, खाली इस्त्रीवाला, आणि हॉस्पिटल चालत आठ मिनिटांवर. मिरजेत वाटायचं, पिंपरी-चिंचवड म्हणजे नुसता धूर आणि कंपन्यांच्या बसगाड्या. पण इथले रस्ते इतके सरळ आखलेत की हरवायचं ठरवलं तरी जमणार नाही. संध्याकाळी एकटीनं जाऊन भेळ खाल्ली. तिखट सांगितली होती, त्यानं खरंच तिखट दिली. शहर आवडलं.

फ्लॅट निवेदितानं शोधून दिला. नोकरीही तिच्याच शब्दावर मिळाली. हे आधीच लिहून ठेवते, पुढे कुणी म्हणायला नको की चित्रा उपकार विसरली. एम.एस.ला आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली, विषय कान-नाक-घसा. सुवर्णपदक माझं, दुसरा नंबर तिचा. मग बाबा आजारी पडले, मी घरच्या दवाखान्यात सात वर्षं लोकांच्या कानातला मळ काढत बसले आणि ती इथे येऊन मोठी झाली. असू दे. आज तिनं मला मिठी मारली आणि सगळ्या स्टाफला सांगितलं, ही आमच्या बॅचची टॉपर. सगळे हसले. मीही हसले.

११ जून, मंगळवार

आठवडा छान गेला. ओपीडीत चाकणचे वेल्डर येतात, भोसरीच्या वर्कशॉपमधले लोक येतात, मारुंजीत भाड्यानं राहणारी आयटीतली मुलं एसीची सर्दी घेऊन येतात. माझ्याकडे सर्दी. निवेदिताकडे गाठी.

तिचं नाव त्यावरच झालंय. नाकात आणि सायनसमध्ये क्वचित अशा गाठी होतात ज्या कॅन्सर नसतात, पण वागायला कॅन्सरपेक्षा बऱ्याही नसतात. त्यातली एक तिची लाडकी, इन्व्हर्टेड पॅपिलोमा. नाव मोठं आहे, अर्थ साधा. बाकीच्या गाठी बाहेरच्या बाजूला वाढतात, ही स्वतःच्याच आत वळून वाढते. हाड खाते, डोळा ढकलते. ती सगळी काढली तरी जिथे ती हाडाला चिकटलेली असते ते मूळ घासून काढलं नाही, तर परत उगवते, आणि दहातल्या एखाद्यात पुढे खरंच कॅन्सर होते. म्हणून सगळा खेळ मूळ शोधण्याचा.

निवेदिताची एक वही आहे. साधी फुलस्केप, तपकिरी कव्हरची. ऑपरेशन झालं की ती नाकाचा उभा छेद काढते आणि मूळ जिथे सापडलं तिथे लाल पेननं एक टिंब देते. टिंब दिल्याशिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी चहा घेत नाही, असा रिवाजच आहे. शालनबाई, थिएटरच्या मावशी, चहाच्या ट्रेमध्येच वही आणि लाल पेन ठेवून आणतात. आतापर्यंत एकतीस पानं, एकतीस टिंबं. निवेदितानं मला वही मांडीवर घेऊन दाखवली, जशी बायका बाळाची कुंची दाखवतात. मी म्हटलं, छान. रात्रभर मला ती टिंबं आठवत होती. सुवर्णपदक कपाटात आहे, कापसात गुंडाळलेलं. ते कुणी बघायला मागत नाही.

९ जुलै, मंगळवार

निवेदिता बारा दिवसांसाठी कोचीला, परिषदेला. जाताना सांगून गेली, एका बाजूचं नाक बंद असलेला कुणी आला तर थांबवून ठेव, आल्यावर दोघी मिळून बघू. दोघी मिळून. म्हणजे ती करणार आणि मी रक्त शोषायची नळी धरणार.

आणि आज तो आला. ज्योतीराम, वय चौतीस, मूळचा लातूरकडचा, भोसरीत खोली घेऊन आईबरोबर राहतो. मशिनी परदेशी पाठवायला लाकडी खोकी लागतात, ती बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुतार. डावं नाक सात महिने बंद. फक्त डावं. आत दुर्बीण घातली आणि माझा हात थांबला. फिकट, लालसर करडी, तुतीच्या फळासारखी दाणेदार. साध्या मांसाकडे बघून असं होत नाही.

बिचारा पुनःपुन्हा एकच सांगत होता, की त्याला लाकडाचा वास येत नाही. पाइन कुठलं, आंबा कुठला, हे तो डोळे मिटून ओळखायचा. मी छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. निवेदिताला फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही होता.

१६ जुलै, मंगळवार

रिपोर्ट आला. तीच आहे.

ऑपरेशन परवा लावलं. सीटी स्कॅन काढणाऱ्या सनीनं विचारलं, निवेदिता मॅडम आल्यावर नाही का? मी म्हटलं, मॅडमशी बोलणं झालंय. खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच बरं वाटलं.

१८ जुलै, गुरुवार

लिहून टाकते, म्हणजे सुटेल.

गाठ काढली. सगळी नीट बाहेर आली, पण मूळ सापडलं नाही. रक्त थांबेना, पडद्यावर नुसतं लाल. मधली शंखास्थी, म्हणजे नाकातलं ते वळणदार हाड, दिसायला आड येत होतं म्हणून अर्धं कापलं, तरी काही दिसेना. दोन तास झाले, भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघायला लागले. संशय वाटला तिथे तिथे थोडं जाळलं आणि थांबले. यात पाप नाही. सगळ्यांचं होतं असं. पहिल्या खेपेला मूळ सापडलं नाही असं लिहायचं, रुग्णाला तीन-तीन महिन्यांनी बोलवायचं, एवढंच.

पण शालनबाई ट्रे घेऊन आल्या. चहा, वही, लाल पेन. सगळा स्टाफ कप न उचलता माझ्याकडे बघत उभा होता. शालनबाई म्हणाल्या, "द्या मॅडम टिंब, चहा निवतोय."

मी नाक काढलं. चित्र निवेदितापेक्षा चांगलं आलं. टिंब दिलं गालाच्या पोकळीच्या आतल्या भिंतीवर, कारण बहुतेकांचं तिथेच असतं. बत्तिसावं पान. सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला, दोन साखर घालून.

२२ जुलै, सोमवार

निवेदिता परत आली. वाटलं होतं चिडेल, निदान कपाळाला एक आठी तरी पडेल. तिनं वही उघडली आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, पहिल्याच खेपेला मूळ सापडलं, मला तर वही सुरू करायच्या आधी पहिल्या तिघांत नव्हतं सापडलं गं. पुढच्या महिन्यात इथल्या डॉक्टरांच्या सभेत ही केस तू सांग, असं तिनंच ठरवून टाकलं.

तिनं मत्सर केला असता तर मी सगळं खरं सांगितलं असतं. तिच्या मनाला शिवलाही नाही तो. याचाच मला जास्त राग आला.

२५ ऑगस्ट, रविवार

सभा झाली. चिंचवडला हॉटेलचा हॉल, साठ-सत्तर डॉक्टर, वहीतलं पान मोठ्या पडद्यावर. माझं टिंब सुपाएवढं झालेलं. टाळ्या पडल्या. मग शेवटी कुणीतरी उठून म्हणालं, निवेदिता मॅडमच्या तालमीत तयार झालेली दिसते. पुन्हा टाळ्या. तिच्यासाठी.

घरी येऊन लोणचं-भात खाल्ला आणि झोपले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

ज्योतीराम तपासणीला आला. नाक मोकळं, चेहरा खुललेला. माझ्यासाठी त्यानं पाइनच्या फळीची पेटी करून आणली होती, झाकणाला रंधा मारून अशी गुळगुळीत केलेली की हात फिरवतच राहावा. बरोबर रुक्मिणीबाई, त्याची आई. तिनं माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला. मला ते नको होतं.

पेटीत ही रोजनिशी ठेवते. झाकण उघडलं की ताज्या लाकडाचा वास येतो, थोडा राळेसारखा, थोडा लिंबाच्या सालीसारखा. घरात दुसरा चांगला वास नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पेटीचा वास गेला. वाटलं लाकूड जुनं झालं. मग सवयीनं एक नाकपुडी दाबून बघितली, जशी मी रुग्णांना दाबायला लावते. उजवीनं वास येतो. डावीनं नाही.

सर्दी असेल. दिवाळीचा धूर अजून हवेत आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सर्दी नाही. डावं नाक बंद. फक्त डावं.

दुपारी ओपीडी संपल्यावर दुर्बिणीच्या खोलीची कडी लावली, नाक बधिर करायला झायलोकेनची पट्टी भरली आणि स्वतःच दुर्बीण आत घातली. पडद्याकडे बघत स्वतःच्या नाकात जाणं विचित्र असतं, हात एकीकडे जातो आणि चित्र दुसरीकडे. तीन सेंटिमीटर आत ती होती. फिकट. तुतीसारखी. मी श्वास घेतला की तीही हलत होती.

मी किती वेळ बघत होते माहीत नाही. भीती वाटली हे खरं. पण लाज वाटते लिहायला, त्याआधी दुसरंच काही मनात आलं. वाटलं, अशी केस निवेदिताच्या नशिबात नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

शेवटी तिला दाखवलं. दाखवायचं नव्हतं, पण मी बोलताना नाकात बोलते हे तिच्याच लक्षात आलं. तिनं हात धरून खुर्चीवर बसवलं, मऊ हातानं दुर्बीण घातली. मी पडद्याकडे बघत होते. गाठ समोर होती, आता मोठी, नाक घशात उघडतं त्या मागच्या दारापर्यंत गेलेली.

निवेदिता म्हणाली, नाक अगदी स्वच्छ आहे. सूजसुद्धा नाही. चार दिवस आईकडे जाऊन ये, दमली आहेस तू.

पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय मग? तिनं माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत काळजी होती. ती खोटं बोलत नव्हती. तिला दिसत नाहीये. एकतीस टिंबंवाल्या बाईला समोरची गाठ दिसत नाहीये.

घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

रोज बघते. रोज वाढलेली असते. चिमट्यानं तुकडा काढला तर रक्त येतं, खरं, लाल, बेसिनभर. तुकडा बाटलीत टाकते. सकाळी बाटलीत नुसतं पाणी असतं. आणि मागे जिथून तुकडा तोडला, तिथे ती भरून आलेली असते.

मूळ सापडत नाही. मी, सुवर्णपदकवाली, स्वतःच्या नाकात मूळ शोधू शकत नाही. निवेदिताला सापडलं असतं. हा विचार गाठीपेक्षा जास्त ठसठसतो.

२७ जानेवारी, सोमवार

ज्योतीराम परत आला.

मी त्याला दारात बघितलं आणि कळलं. डावा डोळा पुढे आलाय, थोडा खाली ढकललेला. गाठ परत उगवली, यावेळी वर चढलेली. मी डिसेंबरात त्याला बोलवायला हवं होतं. बोलवलं नाही. तो आला असता तर टिंब खोटं ठरलं असतं.

माझ्याकडे बसवायच्या ऐवजी त्याला निवेदिताकडे पाठवलं. दारातून ऐकत होते. डोळा जाईल का, असं तो विचारत होता. फळी सरळ आहे का बघायला सुतार एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघतो, तसं त्यानं करून दाखवलं. "सरळ बघायचा डोळा ह्योच हाय मॅडम. ह्यो गेला तर वर्कशॉपात मला कोन ठिवतंय?" रुक्मिणीबाई बाजूला उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

निवेदितानं सीटीसकट सगळे फोटो काढून घेतले. पहिल्या ऑपरेशननंतर आतलं सगळं एकमेकांत मिसळलंय, व्रण, शेंबूड, गाठ, मूळ कुठे ते फिल्मवर कळत नाही. सगळीकडे शोधत बसायचं तर डोळ्याच्या भिंतीजवळ उकरावं लागेल, आणि तिथे हात चुकला तर डोळा जागच्या जागी जाईल. म्हणून तिनं ठरवलंय, वहीतल्या टिंबावर सरळ जायचं, तिथलं हाड घासायचं, डोळ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. सहा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी आठ.

टिंब खोटं आहे. ती चुकीच्या जागी घासेल, मूळ तसंच राहील, आणि पुढच्या खेपेला डोळा वाचवण्यासारखा उरणार नाही. हे मला माहीत आहे, तिला नाही.

तिनं वही माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "टिंब पक्कं आहे ना गं?"

मी म्हटलं, "पक्कं."

एक शब्द. तो माझ्याच नाकातून घुमून आला.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज सनीकडून स्वतःचा सीटी काढून घेतला. सायनसचा त्रास आहे म्हटलं. फिल्म दिव्यावर लावली तर सनी डोकं खाजवायला लागला. म्हणाला, मॅडम, काहीतरी घोळ झाला, हा तर ज्योतीरामचा आहे. परत काढू का?

मी फिल्म घेऊन दुर्बिणीच्या खोलीत आले. गाठ आहे. डावीकडे, वरपर्यंत. आणि मधली शंखास्थी अर्धी कापलेली आहे. जिथे मी जुलैत त्याची कापली, बरोबर तिथे, तशीच वाकडी. माझ्या नाकावर आजवर कुणीही ऑपरेशन केलेलं नाही.

वाटलं, सनी म्हणतो तसंच, फिल्मा बदलल्या. मग खाली दात बघितले. वरच्या दाढेत चांदी भरलेली आहे, दोन ठिकाणी. त्या चांदीच्या रेघा फिल्मभर पसरल्यात. ज्योतीरामच्या एकाही दाढेत चांदी नाही, मी पाहिलंय. ती चांदी मी नववीत असताना मिरजेत भरलेली.

दात माझे. नाक त्याचं.

३१ जानेवारी, संध्याकाळ

मूळ दिसलं. फिल्म पुनःपुन्हा बघताना दिसलं. एका जागी हाड जाड झालंय, तांदळाएवढं, जसं चिकटलेल्या जागी होतं. त्याच्या फिल्ममध्ये ते पुसलं गेलंय, माझ्यात स्वच्छ आहे. मी टिंब दिलं त्याच्या जवळपासही नाही. बत्तीस पानांत एकाही गाठीचं मूळ तिथे नव्हतं. कुणाच्याच वहीत नसेल.

म्हणजे मला माहीत आहे. फक्त मला. निवेदिताला जाऊन एवढं सांगितलं की ज्योतीरामचा डोळा वाचला, आणि देव जाणे, कदाचित माझंही हे सुटलं.

पण मग ती जाणार, ती घासणार, लाल टिंब तिच्या हातचं. आणि माझं बत्तिसावं पान सगळ्यांसमोर खोटं. सभेत टाळ्या पुन्हा तिलाच.

जागा इथेही लिहीत नाही. ही रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगणार होते. तिच्या केबिनपर्यंत गेले. आत ती ज्योतीरामच्या आईला पाणी देत होती, पाठीवर हात ठेवून. रुक्मिणीबाई तिच्या हाताला हात लावून कपाळाला लावत होती. माझ्या हाताला लावला होता तसाच.

परत फिरले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. मीच काढणार. स्वतःची. मूळ कुठे ते ठाऊक आहे, ड्रिल आहे, आरसा नको, पडदा आहे. मुळासकट काढते, बाटलीत घालते आणि तिच्या टेबलावर ठेवते. मग जागा सांगते. आधी माझं टिंब, मग तिचं. ज्योतीरामचा डोळाही वाचेल, कोण म्हणतं मला त्याची काळजी नाही?

आई फोनवर म्हणाली, तुझा आवाज माठातून आल्यासारखा येतोय. मी म्हटलं, सर्दी.

५ फेब्रुवारी, बुधवार

डावा डोळा मिटत नाही. सकाळी आरशात बघितलं — पुढे आलाय. हॉस्पिटलात शालनबाई भेटल्या, त्यांना काही दिसलं नाही. म्हणाल्या, मॅडम, किती वाळलात.

ज्योतीराम ॲडमिट झालाय. वॉर्डासमोरून गेले तेव्हा खिडकीच्या चौकटीकडे एक डोळा मिटून बघत होता. मीही मिटून बघितला, उजवा. चौकट वाकडी दिसली. त्याच वेळी तो म्हणाला, आई, ही चौकट वाकडी हाय का गं?

घास गिळताना काहीतरी मागे आडवं येतं. घशात उतरलीय. आवाज जवळजवळ —

निवेदितानं पुन्हा विचारलं, काही सांगायचं आहे का. मान हलवली. नाही.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. माझं नाक दाबून झालं. तोंड काही उघडत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी सात

दुर्बिणीची खोली. कडी लावली. झायलोकेन भरलं. बाहेर थिएटरची धुणी-पुसणी चाललीय. तास आहे हातात. पुरेल.

सात वीस

चिमट्यात धरली. ओढली. येतेय. भरपूर येतेय — ओढते तेवढी येते, ट्रे भरला, तरी पडद्यावर तेवढीच. दुखत नाही. का दुखत नाही?

मुळापर्यंत ड्रिल —

सात चाळीस

ड्रिल लावल्यावर बाहेर ज्योतीराम ओरडला. वॉर्डातून. मी काढलं तर थांबला. परत लावलं — परत —

आता नाही लावणार.

तोंडानं श्वास. तोही अर्धा. घसा भरत आलाय.

सात पन्नास

शालनबाई दार वाजवतायत. मग तिचा आवाज. चित्रा, पेशंट टेबलावर घेतोय, शेवटचं विचारते, टिंब तिथेच ना? काही वेगळं वाटलं असेल तर आत्ता सांग.

नाही, तिथे नाही — ओरडले. आवाज नाही. तोंड उघडलं, नुसतं तोंड उघडलं. ती म्हणतेय, चित्रा, बरी आहेस ना?

कडीपर्यंत पोचता येत नाही. पाय —

पान फाडून दाराखालून सरकवते. हेच पान. थांब निवेदिता. जाऊ नकोस, लिहितेय.

निवेदिता,

मूळ मला सापडलं. तुझ्याआधी. हे नीट वाच — तुझ्याआधी सापडलं, मला, एकटीला. तुला दिसलंही नव्हतं. वहीत पान माझ्या नावाचं कर, चित्र मी काढलेलं ठेव, फक्त टिंब खोड. टिंब खोटं आहे. शालनबाईंना सांग, चहा माझ्या नावानं —

हात जड. अक्षर —

ज्योतीरामचं मूळ डावीकडे आहे, तू समजतेस तिथे नाही, ते आहे